देशज ज्ञान एआयमध्ये आणायचं, म्हणजे नेमकं काय आणायचं?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

आदिवासी आणि स्थानिक समाजांचं ज्ञान एआयमध्ये यायला हवं, हे वाक्य हल्ली परिषदांत, सरकारी निवेदनांत, कंपन्यांच्या अहवालांत सारखं दिसतं. त्यात विरोध करण्यासारखं काही नाही, म्हणून त्यावर कोणी थांबतही नाही. मला थांबायचंय. आणायचं म्हणजे काय करायचं? जाणत्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, ध्वनिमुद्रणं करायची, त्यांचा मजकूर बनवायचा आणि एआयच्या मॉडेलमध्ये, म्हणजे अशा मजकुरावरून शिकून उत्तरं देणाऱ्या प्रणालीत, ओतायचा? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच असतं, आणि मला यातच खोट दिसते.

एक गोष्ट सांगते. एआयचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इनुपियाट लोक पिढ्यान्‌पिढ्या बोहेड देवमाशाची शिकार करत आलेत. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने ही शिकार थांबवायचं ठरवलं, कारण शास्त्रज्ञांच्या मोजणीत दोनेक हजारांच्या आतच मासे उरले होते. शिकारी म्हणाले, ही मोजणी चुकतेय. तुम्ही बर्फाच्या कडेला उभे राहून मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे मोजता. हा मासा बर्फाखालूनही जातो, भेगेतून श्वास घेतो, काही तर किनाऱ्यापासून इतके लांबून जातात की तुम्हाला दिसणारच नाहीत. बोहेड बर्फ टाळतो असा तेव्हाच्या अभ्यासकांचा समज होता. शिकाऱ्यांनी त्याच सुमारास स्वतःचा आयोग उभा केला, मोजणीत वाटा मागितला आणि मिळवला. पुढच्या काही वर्षांत पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले गेले, विमानातून पाहणी झाली, आणि बर्फाखालून जाणाऱ्या माशांचे आवाज खरंच मिळाले. २००१ च्या मोजणीत आकडा दहा हजारांवर गेला. मधल्या काळात मासे वाढलेही, पण मुळातली मोजणी तोकडी होती हे कोणी नाकारत नाही.

आता बघा, शिकाऱ्यांचं ज्ञान इथे तक्त्यातल्या एका जादा रकान्यासारखं आलं नाही. ध्वनिग्राहक कुठे सोडायचा हेच त्याने बदललं. १९७७ च्या आकड्यांवर कोणी मॉडेल शिकवलं असतं तर त्याने चुकीचं उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिलं असतं, आणि शिकाऱ्यांच्या हजार मुलाखती त्यात ओतूनही फरक पडला नसता, कारण 'खरं उत्तर' म्हणून समोर ठेवलेला आकडाच अपुरा होता.

म्हणून माझं म्हणणं असं: काय मोजायचं, चूक कशाला म्हणायचं आणि काय आत घ्यायचंच नाही, हे ठरवायला तो समाज बसलेला असला पाहिजे. तेही गोळा करायला सुरुवात करण्याआधी. बाकी सगळं त्यानंतरचं. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असतील तर जास्तच.

ओंजळ

फार चांगला विषय. देवमाशाची गोष्ट माहीत नव्हती.

हवामानातलं एक उदाहरण जोडतो. पश्चिम केनियात न्गान्यी नावाचा समाज आहे, पावसाचा अंदाज सांगणारी घराणी. झाडांना पालवी कधी फुटते, किडे-पक्षी काय करतात, वारा कुठून येतो, यावरून ते अंदाज बांधतात. एके काळी सरकारी हवामान खातं आणि हे लोक एकमेकांना मोजत नव्हते. मग दोघांनी हंगामाआधी एकत्र बसायचं ठरवलं. खात्याचा अंदाज एका बाजूला, न्गान्यींचा दुसऱ्या बाजूला, चर्चा करून एकच अंदाज काढायचा आणि तो लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचा. यात कोणी कोणाचं ज्ञान स्वतःच्या संगणकात भरून घेतलं नाही. न्गान्यींचा माणूस पुढच्या हंगामालाही लागतोच.

मला यातला 'पुढच्या हंगामालाही लागतोच' हा भाग महत्त्वाचा वाटतो. निरीक्षणं करणारी माणसं आणि ती झाडं टिकली तरच अंदाज टिकतो. एकदा नोंद करून घेतली, आता माणसांची गरज नाही, असं ते काम नाही.

उलटगणित

मी मॉडेल शिकवण्याच्या कामात आहे, म्हणून 'गोळा करण्याआधी' या दोन शब्दांवर थोडं लांब लिहितो. इथे तांत्रिक बाजू आणि नैतिक बाजू वेगळ्या काढता येत नाहीत.

संग्रहालयात एखादी ध्वनिफीत असली आणि उद्या त्या समाजाने 'ही परत द्या' म्हटलं, तर देता येते. डेटाबेसमधली ओळ पुसता येते. शिकवून झालेल्या मॉडेलचं तसं नाही. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक नमुन्यामुळे मॉडेलच्या आतले कोट्यवधी आकडे किंचित-किंचित हलतात. पाण्यात शाईचा थेंब पडल्यावर तो नेमका कुठे आहे हे दाखवता येत नाही, तसंच ते. एखाद्या नमुन्याचा परिणाम काढून टाकण्याच्या पद्धतींवर संशोधन चालू आहे, पण मोठ्या मॉडेलच्या बाबतीत 'पूर्ण निघाला' याची खात्री देणं आज फार अवघड आहे. खात्रीचा मार्ग एकच, तो डेटा वगळून पुन्हा पहिल्यापासून शिकवणं, आणि तेवढा खर्च एका छोट्या समाजाच्या विनंतीवरून कोणी करणार नाही. त्यात मॉडेलचे आकडे खुले करून लोकांनी उतरवून घेतले असतील तर विषयच संपला.

म्हणजे संमतीपत्रावर 'तुम्ही कधीही माघार घेऊ शकता' असं छापलेलं असतं ना, मॉडेल शिकवल्यानंतर त्या वाक्यात दम उरत नाही. जो संशोधक हे समोरच्याला समजावून सांगत नाही, तो अर्धीच संमती घेतो.

यावर वाट नाही असं नाही. ज्ञान मॉडेलच्या पोटात घालण्याऐवजी बाहेर, समाजाच्या ताब्यातल्या साठ्यात ठेवायचं आणि मॉडेलने प्रश्न आला की तिथे जाऊन, परवानगी असेल तेवढंच वाचून उत्तर द्यायचं, ही पद्धत आज सर्रास वापरली जाते. कंपन्या स्वतःची गोपनीय कागदपत्रं अशीच सांभाळतात. साठ्यातून नोंद काढली की पुढच्या उत्तरात ती येत नाही. कोणी काय विचारलं याची नोंद राहते, आणि अमुक नोंद फक्त अमुक लोकांनाच दाखवायची अशी कुलपंही लावता येतात. मात्र तो साठा खरंच समाजाच्या सर्व्हरवर हवा. कंपनीच्या सर्व्हरवर 'तुमचा कप्पा' असा नको.

नवशिकी

वाचतेय. बुकमार्क केलं.

मुक्तद्वार

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे.

जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. त्यातल्या बऱ्याचशा फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरल्यात. परवानगी कोणी द्यायची, समिती कोणती, करार कसा, यावर आपण चर्चा करत बसू तोवर ती माणसं निघून जातील. दुसरीकडे बोलून चालणारी साधनं, भाषांतर, शिकण्याची ॲप्स मोठ्या भाषांतच येत राहतील, आणि लहान भाषा बोलणाऱ्या घरातलं मूल फोनशी मोठ्या भाषेतच बोलायला शिकेल. डेटा न देण्याचीही किंमत असते आणि ती त्याच समाजाला मोजावी लागते.

दुसरं, 'समाज ठरवेल' म्हणजे नेमकं कोण? प्रत्येक समाजात मानाचे लोक असतात आणि ज्यांना कोणी विचारत नाही असेही असतात. बायांकडचं ज्ञान पुरुषांच्या बैठकीत ठरणार का? शहरात गेलेल्यांचं मत धरायचं का? समाज म्हणजे एकमताने बोलणारी एक व्यक्ती, असं मानणं हाही बाहेरच्यांचाच भाबडेपणा आहे.

तिसरं, ज्ञान वाटल्याने वाढतं. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ मध्ये त्सुनामी आली, माणसं गेली, आणि लोकांनी ती आठवण 'स्मोंग' या नावाने गाण्यांत, अंगाईत, गोष्टींत जपली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. वस्ती सुमारे ७८ हजार, आणि मृत्यू सात. समोरच सुमात्रातल्या आचे प्रांताच्या मुख्य किनाऱ्यावर ही गोष्ट लोकांना माहीत नव्हती, तिथे लाखाहून जास्त माणसं गेली. हे ज्ञान सगळीकडे पोहोचलेलं असतं तर? मी खुल्या ज्ञानाच्या बाजूने बोलतो ते याच कारणासाठी.

जुनीवही

@मुक्तद्वार, सिमेलुएचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे. त्यावर इतर लोक लिहितीलच. मी 'खुलं' या भूमिकेचा कायद्यातला अनुभव मांडते, कारण माझं काम त्या बाजूचं आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख समोर ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. इथे जिंकता आलं कारण कागद होता. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहायला लागलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध वगैरे ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत मांडून पेटंट कचेऱ्यांना तपासायला दिली. ती सगळ्यांना खुली केली नाही, तपासनिसांना करार करून दिली. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कचेऱ्यांपलीकडच्या वापरकर्त्यांनाही ती देण्याला मंजुरी दिली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्रवेश पायरीपायरीने देता येतो, सगळं उघडं किंवा सगळं बंद असे दोनच पर्याय नसतात. दुसरी मला जास्त बोचते: हे संरक्षण मुख्यतः ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाला मिळालं. जे तोंडी आहे, एका समाजाच्या काही घरांतच आहे, ते या कपाटात नाही. आणि एआयच्या हातात आज पडतंय ते नेमकं हेच, कारण ध्वनिमुद्रणाचा मजकूर करणं आता स्वस्त झालंय. पूर्वी तोंडी ज्ञानाला त्याचं तोंडी असणंच थोडंफार राखत होतं. ती भिंत पडली.

२४ मे २०२४ रोजी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत एक करार झाला. जनुकीय साधनांवर आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर आधारलेलं पेटंट मागणाऱ्याने ते कुठून आलं, कोणत्या समाजाकडून आलं, हे जाहीर करावं असं त्यात आहे. पंचवीसेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर इथवर आलो. पण तो पेटंटपुरता आहे. मॉडेल शिकवताना काय वापरलं हे सांगण्याची सक्ती त्यात नाही.

तळटीप

संमतीबद्दल उलटगणित यांनी लिहिलंय त्याला पूरक.

ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांत मधुमेह फार होता. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यासाठी म्हणून रक्ताचे नमुने घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, रक्ताच्या नात्यांतले विवाह आणि पूर्वज कुठून आले या अभ्यासांसाठी वापरले गेले. हवासुपाईंच्या दृष्टीने शेवटचा विषय तर त्यांच्या उत्पत्तीच्या श्रद्धेलाच हात घालणारा होता. खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

एका कामासाठी दिलेलं दुसऱ्या कामाला वापरलं गेलं, एवढीच तक्रार होती. आता मोठ्या भाषिक मॉडेलकडे पाहा. त्याचं 'काम' ठरलेलंच नाही. तेच मॉडेल औषध कंपनीलाही उत्तर देतं आणि खाणकाम करणाऱ्यालाही. मग 'या कामासाठी देतो' असं म्हणून काही देणं शक्य तरी आहे का? माझ्यासाठी हा प्रश्न अजून मोकळाच आहे.

रानपाखरू

@मुक्तद्वार, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: न देण्याचीही किंमत असते. म्हणून 'देऊच नका' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण समाजाने स्वतः ठरवलं तर काम रखडतं, हे मात्र पटत नाही.

न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेला काइताइया इथे ते हिकू मीडिया ही माओरी प्रसारण संस्था आहे. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांच्या बोलण्याची कित्येक वर्षांची ध्वनिमुद्रणं होती आणि ती मजकुरात आणायची होती. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या लोकांना हाक दिली: वाक्यं वाचा, मुद्रित करून पाठवा. दहा दिवसांत तीनशेहून जास्त तासांचं, मजकुराशी जुळवलेलं बोलणं जमा झालं. त्यावर त्यांनी खुल्या साधनांनी माओरी बोलणं ओळखणारं मॉडेल बांधलं आणि ते चांगलं चाललं. बाहेरच्या कंपनीने तासाच्या हिशोबाने पैसे देऊन डेटा मागितला, तेव्हा त्यांनी दिला नाही. स्वतःचा परवाना लिहिला. त्यात डेटाची मालकी सांगितलेली नाही, राखणदारी सांगितली आहे: आम्ही याचे राखणदार, याचा उपयोग आधी आमच्या लोकांना झाला पाहिजे.

दहा दिवस! बाहेरच्या कोणाला इतक्या दिवसांत परवानगीचा अर्जही लिहून झाला नसता. लोकांनी भरभरून दिलं, कारण मागणारे घरचे होते आणि ते कुठे जाणार हे ठाऊक होतं.

याच्या उलट बाजूही आहे. २०२२ मध्ये ओपनएआयने व्हिस्पर हे बोलणं ओळखणारं मॉडेल आणलं, वेबवरून गोळा केलेल्या ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं. त्यात माओरी आणि हवाईयनही होती. ते हिकूच्या लोकांनी जाहीरपणे विचारलं, हे तास कुठून आले, कोणी दिले? ज्या समाजाला शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल मार खावा लागला, त्यालाच उद्या ती भाषा मासिक वर्गणी भरून परत विकली जाणार असेल, तर 'भाषा वाचली' असं मी तरी म्हणू शकत नाही.

'समाज म्हणजे कोण' हा प्रश्न खरा आहे. मी त्याला सोपं उत्तर देणार नाही. एवढंच म्हणेन की तो वाद समाजाच्या आत, त्यांच्या वेळेने व्हायला हवा. बाहेरच्याने 'तुमच्यात एकमत नाही, म्हणून मी घेऊन टाकतो' म्हणणं हे त्याचं उत्तर असू शकत नाही.

ओंजळ

स्मोंगबद्दल लिहायचं होतं. मुक्तद्वार, जीव वाचवणारं ज्ञान दूरवर जायला हवं, यात दुमत नाही. सिमेलुएच्या लोकांनीही ते कोणापासून लपवलेलं नाही, पुढे जगभरच्या आपत्ती-शिक्षणात त्याचा उल्लेख होतो. प्रश्न पोहोचवायचं कसं, हा आहे.

ते गाणं कामाला आलं कारण ते लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. जमीन हलल्यावर कोणी कोणाला काही विचारलं नाही. पहिली लाट मोजक्या मिनिटांत आली. तेवढ्यात फोन काढून एआयला विचारणारा वाचला नसता. म्हणून आचेच्या किनाऱ्यावर काय पोहोचायला हवं होतं, तर ते गाणं आणि ते म्हणण्याची सवय. यात एआयची मदत होऊ शकते, शाळेसाठी, भाषांतरासाठी, का नाही? पण 'मॉडेलमध्ये ती माहिती आहे' एवढ्याने कोणी डोंगराकडे पळत नाही.

शिवाय प्रत्येक त्सुनामीआधी समुद्र मागे सरतोच असं नाही. काही ठिकाणी लाटच आधी येते. एका जागेचं ज्ञान दुसऱ्या जागी जाताना तिथल्या लोकांनी आणि अभ्यासकांनी ते तपासून घ्यावं लागतं. मॉडेल मात्र जागेचं नाव गाळून सरसकट नियम सांगून मोकळं होतं, हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो.

शब्दवेल

भाषेच्या अंगाने एक गोष्ट, कारण 'चूक कशाला म्हणायचं' हे रानपाखरू यांनी सुरुवातीलाच लिहिलंय आणि पुढे ते मागे पडलं.

बोलणं ओळखणाऱ्या मॉडेलची परीक्षा बहुतेक वेळा शब्दांच्या चुका मोजून होते. शंभरातले किती शब्द चुकले, एवढंच. आता कॅनडातल्या इनुइट लोकांच्या इनुक्टिटुटसारखी भाषा घ्या. तिथे एकाच शब्दात आख्खं वाक्य मावतं: मूळ धातू, कर्ता, काळ, इच्छा, नकार, सगळे प्रत्यय एकामागोमाग एक. त्यातला एक छोटा प्रत्यय चुकला तरी शब्द चुकला, म्हणजे या मापाने वाक्यच्या वाक्य फुकट. कागदावर मॉडेल निकामी दिसतं, पण वापरणाऱ्याला कदाचित ते पुरेसं असेल. याच्या उलटही होतं: मापाप्रमाणे गुण उत्तम, पण जो एक प्रत्यय चुकला त्याने 'बर्फ चालण्याजोगा आहे' याचं 'नाही' झालं. कोणती चूक चालेल आणि कोणती जीवावर बेतेल, हे ती भाषा बोलणाराच सांगू शकतो. इंग्रजीसाठी घडवलेलं माप तिकडे लावलं की मॉडेल सुधारण्याची दिशाच चुकते.

कॅनडाच्या उत्तरेत सिकू नावाचं ॲप आहे, २०१९ पासून. इनुइट शिकारी त्यात समुद्री बर्फाची स्थिती, प्राणी, धोक्याच्या जागा नोंदवतात, बर्फाच्या प्रकारांना आपल्याच शब्दांनी. नोंद कोणाला दिसावी हे नोंदवणारा ठरवतो आणि मालकी त्याच्याकडेच राहते. वर्गीकरण त्यांचं असल्यामुळे तिथे भाषांतरात काही सांडत नाही.

मुक्तद्वार

@रानपाखरू, ते हिकूचा दाखला वजनदार आहे. पण त्यांच्याकडे संस्था होती, तंत्रज्ञ होते, देशात भाषेला राजमान्यता होती. ज्या समाजाकडे यातलं काही नाही त्याचं काय? त्याला 'आधी स्वतःचा सर्व्हर उभारा' म्हणायचं? माझी काळजी तीच आहे आणि ती अजून तशीच आहे.

एक मात्र इथेच मान्य करतो. ज्ञान खुलं ठेवणं आणि ते वेबवरून न विचारता उचलणं, या दोन गोष्टी मी एकत्र बोलत होतो. वेगळ्या आहेत.

उलटगणित

@मुक्तद्वार, खरं आहे, साधनं नसलेल्या समाजाचा प्रश्न मोठा आहे. मधली वाट अशी की विद्यापीठ किंवा ग्रंथालय यंत्रं देईल, चाव्या समाजाकडे राहतील. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, आपल्या डेटाबद्दल १९९८ मध्येच चार गोष्टी मांडल्या होत्या: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. ताबा वेगळा सांगायची गरज त्यांना तेव्हाच कळली होती. कागदावर मालकी तुमची आणि डिस्क दुसऱ्याच्या कपाटात, याने काही साधत नाही.

नवशिकी

इतका वेळ फक्त वाचत होते, आता विचारते. आमच्या विभागात एका आदिवासी भाषेतल्या बोलण्याचा डेटासेट करायचं ठरतंय. मी विद्यार्थिनी आहे, मुद्रणाचं काम माझ्याकडे येईल. मला दिलेल्या संमतीपत्रात 'संशोधनासाठी वापर' एवढंच आहे. मार्गदर्शक चांगले आहेत, ऐकून घेतील. त्यांच्यापुढे नेमकं काय ठेवू? कृपया सगळ्यांनी सांगा.

रानपाखरू

@नवशिकी, तुम्ही हे आधी विचारताय, हेच मोठं आहे.

माझ्याकडून एकच: भाषा आणि ज्ञान वेगळं काढता येतं का ते बघा. बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी औषधी वनस्पतींची माहिती, विधींची गाणी, पवित्र जागांची वर्णनं लागत नाहीत. रोजच्या बोलण्याने काम होतं: हवा, प्रवास, मुलांचे खेळ, कालचा दिवस कसा गेला. विषय कोणते चालतील याची यादी त्या लोकांना करू द्या, आणि मुद्रण चालू असताना नको तो विषय निघाला तर तेवढा भाग काढायची सोय ठेवा. बोलणाऱ्याला नंतर ऐकवा. बऱ्याचदा माणूस ऐकल्यावर म्हणतो, हे राहू द्या, हे नको.

जुनीवही

'संशोधनासाठी वापर' हे शब्द बदलून घ्या. त्यात मॉडेल शिकवणं येतं की नाही, ते मॉडेल बाहेर दिलं जाणार का, व्यापारी वापर चालेल का, डेटा तिसऱ्याला देण्याआधी कोणाला विचारायचं, हे वेगवेगळं लिहा आणि प्रत्येकाला वेगळं हो-नाही घ्या. उलटगणित यांनी सांगितलेली माघारीची मर्यादा त्यांच्या भाषेत, तोंडी समजावून सांगा. व्यक्तीची सही घ्याच, पण सामूहिक निर्णयही घ्या. एका बाईने आपला आवाज दिला म्हणून तिच्या गोतावळ्याचं गाणं द्यायचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही, आणि तिच्यावर तो भार टाकणंही बरं नाही.

मार्गदर्शकांना मूळनिवासींच्या डेटासाठीची २०१९ ची केअर तत्त्वं वाचायला द्या: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती. विभागात बहुधा २०१६ ची फेअर तत्त्वं माहीत असतील, डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा ही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. एकात डेटाचा विचार आहे, दुसऱ्यात माणसांचा.

लोकल कॉन्टेक्स्ट्स या उपक्रमाची लेबलंही बघा. हे अमुक ऋतूतच ऐकायचं, हे फक्त स्त्रियांसाठी, हे व्यापारासाठी नाही, अशा खुणा समाज स्वतः नोंदींना लावतो. पण लेबल फाईलच्या शेजारी बसलेलं असतं, ट्रेनिंगसाठी मजकूर उचलला की ते मागेच राहतं. त्यामुळे ज्यावर बंधन आहे ते ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये पोहोचणारच नाही, असं काम बांधून घ्या.

तळटीप

लेबल लावायचं काम पैसे देऊन त्याच समाजातल्या माणसांना द्या. ऑस्ट्रेलियात काकाडू राष्ट्रीय उद्यानात तिथले मूळनिवासी बिनिन्ज लोक, सीएसआयआरओ ही तिथली राष्ट्रीय विज्ञान संस्था आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केलेलं काम पाहा. पाणथळ जागी पॅरा गवत माजलं होतं, त्याने मॅगपाय गूज पक्ष्यांची जागा गेली होती. ड्रोनने फोटो काढायचे, मॉडेलने गवत ओळखायचं आणि पक्षी मोजायचे. पण जमीन निरोगी आहे हे कशावरून ओळखायचं, ते बिनिन्ज जाणत्यांनी सांगितलं, आणि जागेवरचं काम तिथल्याच रेंजर्सनी केलं. गवत काढल्यावर पक्षी परतले. मॉडेलचा उपयोग त्यांच्या रोजच्या कामाला झाला, म्हणून ते टिकलं.

नवशिकी

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा करायला घेतला आहे. एक शंका राहिली. शेवटी मॉडेल बाहेर द्यायचं नाही असं ठरलं तर प्रबंध कसा तपासला जाईल? परीक्षक डेटा मागतील.

उलटगणित

परीक्षकाला डेटा हातात द्यावा लागत नाही. समाजाच्या साठ्यावर, त्यांच्या परवानगीने, ठराविक मुदतीपुरता प्रवेश देता येतो. परीक्षक तिथेच चाचणी चालवतो, आकडे घेऊन जातो, ध्वनी तिथेच राहतो. वैद्यकीय डेटावर हे नेहमी होतं. मार्गदर्शकांना आत्ताच सांगा, म्हणजे विद्यापीठाच्या नियमांत ते कसं बसवायचं हे बघायला वेळ मिळेल. आणि चाचणीसाठी वाक्यं कोणती घ्यायची हे ठरवताना शब्दवेल यांचा मुद्दा विसरू नका. ती वाक्यं बोलणाऱ्यांनाच निवडू द्या. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी तांत्रिक भाग बघतो, जुनीवही यांना जमलं तर त्या कराराचा भाग बघतील.

जुनीवही

नक्की बघेन. मसुदा इथे टाकण्याआधी त्या लोकांना दाखवा मात्र.